टीबी आहे, पण तेवढाच आहे का? क्षयरुग्णातला फुफ्फुसाचा कॅन्सर कसा ओळखावा आणि दोन्ही उपचार कसे जुळवावेत

खोकला आहे, वजन उतरलंय, छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग आहे, की आपल्याकडे पहिलं नाव टीबीचं निघतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, त्यामुळे आधी टीबीचा विचार करणारा डॉक्टर चुकत नाही. घोळ त्याच्या पुढे होतो. टीबीचं नाव कागदावर चढलं की दुसऱ्या आजाराचा शोध थांबतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही खोकला येतो, बेडक्यातून रक्त पडतं, भूक मरते, बारीक ताप राहतो. औषधं चालू आहेत या समाधानात महिने जातात आणि ऑपरेशनने काढता आली असती अशी गाठ पसरून बसते.

हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, आणि गावात रुग्णाला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांसाठीही. माझा आग्रह एकच आहे. टीबीचा पुरावा मागा, आणि पुरावा मिळाला तरी दोन महिन्यांनी हिशेब मागा.

कोणावर आधीपासून लक्ष ठेवायचं

टीबी होऊन गेलेल्या माणसाला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. बरा झालेला टीबी फुफ्फुसात व्रण ठेवून जातो आणि वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहातून पेशी बिघडू शकतात. उलटही घडतं. कॅन्सर, केमो आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचली की शरीरात निपचित पडलेले टीबीचे जंतू जागे होतात. म्हणून एक सापडला याचा अर्थ दुसरा नाही, असा कधीच लावू नये.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात या दोन्ही आजारांना खतपाणी घालणारी कारणं तीच ती आहेत. विडी-सिगारेट तर आहेच. त्याशिवाय शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये साच्याची वाळू चाळणारे, कास्टिंग झाडणारे, ग्राइंडिंग करणारे कामगार सिलिकाची बारीक धूळ श्वासातून घेतात. ही धूळ फुफ्फुसं कडक करते, टीबीची शक्यता वाढवते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. दगडखाणी आणि क्रशरवर काम केलेल्यांचंही तेच. राधानगरी, गगनबावडा, चंदगड भागात चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका विडीला कधी शिवलेल्या नसतात, तरी त्यांना हा कॅन्सर होतो. ‘आई तर काहीच ओढत नाही’ म्हणून शंका बाजूला ठेवू नका.

चाळिशी ओलांडलेला, यांपैकी एखादी पार्श्वभूमी असलेला आणि टीबीची औषधं सुरू होणारा प्रत्येक माणूस माझ्या मते पहिल्या दिवसापासून दोन्ही यादींत असायला हवा.

पहिली पायरी: टीबीचा पुरावा

नुसत्या फोटोवरून टीबी ठरवता येत नाही. बेडका तपासायलाच हवा, आणि तो बेडकाच हवा, तोंडातली लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर टीबीचा जंतू आहे का आणि त्याला रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं का, ही दोन्ही उत्तरं काही तासांत मिळतात. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना पुढे पाठवता येतो, शहरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. सोबत रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासून घ्या.

गावातल्या डॉक्टरांना एक विनंती. बेडका तपासण्याआधी खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन देऊ नका. ते टीबीच्या जंतूलाही अर्धवट दाबतं, रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि तपासणी फसते. तसंच ‘टीबीच्या गोळ्या देऊन बघू, फरक पडला तर टीबी’ ही पद्धत चाळिशीपुढच्या, विडी ओढणाऱ्या माणसात धोक्याची आहे.

पुरावा मिळाल्यावरही दोन सापळे उरतात. पूर्वी टीबी होऊन गेलेल्याच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचा अंश यंत्राला सापडू शकतो, विशेषतः अहवालात ‘ट्रेस’ असं लिहिलं असेल तर. तिथे कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, तो जिवंत आहे का हे पाहावं लागतं. दुसरं म्हणजे, बेडक्यात खरोखर जिवंत टीबी असेल आणि शेजारी गाठही असेल. गाठ वाढताना जुनी टीबीची जागा फोडते, आणि जंतू बाहेर येतात.

बेडक्यात काहीच सापडलं नाही आणि तरी औषधं सुरू झाली, तर फाइलवर ठळक लिहून घ्या की निदान पुराव्याविना, लक्षणांवरून केलेलं आहे. पुढचा डॉक्टर बदलला तरी ही ओळ त्याला सावध करते.

दुसरी पायरी: दोन महिन्यांचा हिशेब

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. नेमाने गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा ताप साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतो, भूक परत येते, वजन वर सरकायला लागतं. फोटोतला डाग मात्र हळू निघतो, त्यामुळे महिन्याभरात डाग तसाच दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. घरात वजनकाटा नसेल तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहा. ही वही पुढे फार कामाला येते.

दोन महिने पूर्ण झाले की बेडका पुन्हा तपासला जातो. त्याच वेळी छातीचा नवा फोटो काढा आणि जुन्या फोटोशेजारी धरून पाहायला सांगा. फरक पडला नसेल तर प्रश्न या क्रमाने विचारायचे. गोळ्या खरंच रोज पोटात गेल्या का? जंतू औषधाला दाद न देणारा आहे का? आणि हा टीबीच आहे का, किंवा टीबीच्या आडून आणखी काही आहे का? तिसरा प्रश्न नेहमी राहून जातो. औषधं बदलून आणखी तीन महिने वाट पाहण्याआधी तो विचारला गेलाच पाहिजे.

याच्या उलट, सुरुवातीला टीबीच्याच गाठी थोड्या वाढल्यासारख्या दिसू शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असते. म्हणून वाढ दिसली की लगेच कॅन्सर ठरवून मोकळं होऊ नये. पुढची तपासणी करावी.

दोन महिने थांबायचंच नाही अशी लक्षणं वेगळी आहेत. आवाज बसला आणि तीन आठवडे सुटला नाही. खांदा आणि हात सतत दुखतो, एका डोळ्याची पापणी खाली आली. चेहरा, मान सकाळी सुजते आणि गळ्याच्या शिरा फुगतात. गळपट्टीच्या हाडावर टणक गाठ लागते. छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतं आणि ते रक्ताळलेलं निघतं. पाठीचं हाड रात्री ठणकतं. नव्याने डोकेदुखी किंवा फिट आली. यांतलं एकही दिसलं तर औषधांचा कोणता महिना चालू आहे हे न पाहता सीटी स्कॅन करावा.

तिसरी पायरी: सीटी स्कॅन

छातीचा सीटी शिरेतून औषध टाकून करावा आणि त्यात पोटाचा वरचा भागही घ्यावा, कारण हा कॅन्सर यकृतात आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत पसरतो. त्याआधी मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. टीबीत बारीक ठिपके, फांदीला कळ्या आल्यासारखं जाळं, चुन्याचे जुने डाग दिसतात. कॅन्सरची गाठ सहसा एकसंध असते आणि तिच्या कडेला काटेरी रेषा फुटलेल्या असतात. पोकळी दोन्ही आजारांत होते. तिची भिंत ४ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १५ मिलिमीटरपेक्षा जाड आणि खडबडीत असेल तर संशय दाट. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होऊनही रक्त पडतं, तो तिसराच आजार.

ही सगळी अटकळ आहे. सीटी वाचून गाठीचं नाव कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

पेट स्कॅनबद्दल इथेच सांगतो, कारण त्यावर घरच्यांचा फार विश्वास असतो आणि खर्चही बराच होतो. पेट स्कॅन साखर जास्त खाणारी जागा उजळून दाखवतो. टीबीची जागाही तशीच उजळते. त्यामुळे ‘पेटमध्ये लागलं म्हणजे कॅन्सर’ हे आपल्या भागात चालत नाही. कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो कुठवर गेला हे पाहायला पेट उपयोगी आहे, पण तिथेही छातीच्या मधल्या गाठी उजळल्या म्हणून ‘पसरलाय, आता ऑपरेशन नाही’ असा निकाल लावू नये. त्या गाठी टीबीच्या असू शकतात. अल्ट्रासाउंड असलेल्या दुर्बिणीतून त्यांत सुई घालून नमुना घेता येतो. एखाद्याचं ऑपरेशन होणार की नाही, हे त्या सुईवर ठरू शकतं.

चौथी पायरी: तुकडा (बायोप्सी), आणि तो दोन बाटल्यांत

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगावी आहे. ती मनातून काढून टाका. तुकडा न काढल्याने वाया जाणारे महिने जास्त घातक ठरतात.

गाठ श्वासनळीजवळ असेल तर दुर्बिणीतून, फुफ्फुसाच्या कडेला असेल तर सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालून तुकडा घेतात. सुईच्या पद्धतीत कधी कधी फुफ्फुसातून हवा निसटते, म्हणून नंतर काही तास देखरेखीखाली ठेवून फोटो काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. छातीत पाणी असेल तर ते आधी काढून तपासतात. पाण्यातलं एडीए हे एन्झाइम वाढलेलं असलं की टीबीकडे बोट जातं, पण तेवढ्यावर थांबू नये. पाण्यातल्या पेशींची तपासणी आणि त्या पेशी गोळा करून बनवलेला सेल ब्लॉक मागा. एकदा पाण्यात कॅन्सरच्या पेशी न सापडणं ही हमी नव्हे.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. काढलेला नमुना दोन भागांत जायला हवा. एक भाग फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीच्या तपासणीसाठी. दुसरा भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि टीबीच्या कल्चरसाठी. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. सगळा तुकडा एकाच बाटलीत गेला तर रुग्णाला पुन्हा टेबलावर झोपवावं लागतं. तपासणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘सर, टीबीसाठी वेगळा नमुना पाठवणार ना?’ असं विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना खटकत नाही.

अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ (टीबीत दिसणारा दाहाच्या पेशींचा पुंजका) लिहून आलं की सगळे निःश्वास सोडतात, टीबीच निघाला म्हणून. पण कॅन्सरच्या गाठीच्या आसपासही ग्रॅन्युलोमा तयार होऊ शकतो, आणि सुई गाठीच्या मधोमध न जाता शेजारी गेलेली असू शकते. सीटीवरची गाठ संशयास्पद असेल आणि अहवाल तिच्याशी जुळत नसेल, तर पुन्हा तुकडा घ्यायला तयार राहा.

कॅन्सर निघाला तर त्याची जात कळायला हवी. स्मॉल सेल हा झपाट्याने पसरणारा प्रकार वेगळा. बाकीच्यांत अॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे मुख्य. अॅडिनोकार्सिनोमा असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांच्या आणि पीडी-एल१ या तपासण्या करायच्या. भारतीय रुग्णांत साधारण चारांपैकी एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो आणि त्याला केमोऐवजी गोळी चालते. मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड ही तुमची मालमत्ता आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला निघताना त्या बरोबर हव्यातच. तुकड्याच्या नुसत्या कागदी अहवालावर तिथे काम भागत नाही.

पाचवी पायरी: आधी कोणता उपचार?

दोन्ही आजार सिद्ध झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आधी टीबी बरा करू, मग कॅन्सर बघू का?’ नाही. सहा महिने थांबायला कॅन्सर तयार नसतो. टीबीची औषधं ताबडतोब सुरू करतात, साधारण दोन आठवडे जाऊ देतात, तोवर संसर्ग बराच उतरतो आणि औषधं सोसतात की नाही हे कळतं, मग केमो सुरू करतात. ऑपरेशन करायचं असेल तर शक्यतो बेडक्यातले जंतू जाईपर्यंत थांबतात. चेहरा सुजवणारी शीर दाबली गेली असेल, मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडत असतील किंवा स्मॉल सेल असेल, तर ही वाटही पाहता येत नाही. दोन्ही उपचार जवळजवळ एकदमच चालवावे लागतात.

गाठ लवकरच्या अवस्थेत असेल तर ऑपरेशन हा बरं होण्याचा खरा मार्ग आहे. जुन्या टीबीने फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि श्वासाची ताकद घटलेली असते, त्यामुळे स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजणं) आणि वायू-वहनाची (हवेतला वायू रक्तात किती उतरतो याची) तपासणी करून उरलेलं फुफ्फुस पुरेल का ते आधी मोजतात. ऑपरेशनच्या पुढची अवस्था असेल तर केमो आणि शेक (रेडिएशन), आणि शरीरभर पसरलेल्यात गोळ्या, केमो किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं.

रिफाम्पिसिनची आडकाठी

लघवी केशरी करणारं हे औषध टीबीच्या उपचाराचा कणा आहे. ते यकृतातली औषधं जाळणारी भट्टी जोरात पेटवतं, आणि कॅन्सरच्या गोळ्या त्या भट्टीत संपतात. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब, क्रिझोटिनिब या सगळ्यांचं रक्तातलं प्रमाण रिफाम्पिसिनबरोबर खूपच खाली जातं. रुग्ण महागडी गोळी रोज घेतो आणि तिचा परिणाम होत नाही. लोरलॅटिनिबबरोबर तर रिफाम्पिसिन वर्ज्यच आहे, यकृताला गंभीर इजा होते. अॅलेक्टिनिबवर परिणाम त्यामानाने कमी दिसतो.

यावर तोडगे आहेत, पण ते छातीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी एकत्र बसून काढायचे आहेत. कधी रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात, कधी रिफाम्पिसिन नसलेला लांबलेला टीबी उपचार, कधी टीबी संपेपर्यंत गोळीऐवजी प्लॅटिनम आणि पेमेट्रेक्सेडची केमो, कारण तिला या भट्टीचा त्रास होत नाही. घरच्यांनी मनाने टीबीची एक गोळी काढून टाकणं सर्वांत वाईट. त्याने जंतू औषधाला निर्ढावतो.

बाकी अडचणी लक्षात ठेवायच्या त्या अशा. टीबीचं आयसोनियाझिड आणि प्लॅटिनम (सिस्प्लॅटिनसारखी औषधं) किंवा पॅक्लिटॅक्सेल ही केमो, दोन्हींनी हातापायांना मुंग्या येतात, म्हणून पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ चालू आहे ना ते पाहा. सिस्प्लॅटिन आणि टीबीचं अमिकासिन इंजेक्शन मिळून कान आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड रक्तपेशी घटवतं, केमोही तेच करते. अशाच टीबीतलं बेडाक्विलिन आणि कॅन्सरचं ऑसिमर्टिनिब दोघंही हृदयाचे ठोके बिघडवू शकतात, तेव्हा ईसीजी वेळोवेळी हवा. इम्युनोथेरपीने दबलेला टीबी उसळू शकतो, म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची पुन्हा चाचपणी करावी.

यकृताची तपासणी प्रत्येक केमोआधी करावी. डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या, अन्नाचा वासही नको झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्त तपासून डॉक्टरांना दाखवा.

घरी आणि कागदावर

पहिले दोन-तीन आठवडे रुग्णाला हवेशीर, उजेडाच्या खोलीत ठेवा, त्याला मास्क द्या, लहान मुलांना दूर ठेवा. केमोच्या वॉर्डात शेजारच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती पडलेली असते, म्हणून टीबी आहे हे तिथे लपवू नका. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या.

खाणं भरपूर हवं आणि त्यात प्रथिनं हवीत. अंडी, डाळ, उसळ, मटणाचा रस्सा झेपत असेल तर तोही. तिखट मात्र तोंड आलेलं असताना सोडा. गंगावेशीला म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची आपली सवय केमो चालू असताना बंद ठेवावी लागेल. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्या दुधातले जंतू महागात पडतात. दूध उकळूनच द्या. विडी आणि मिश्री दोन्ही त्याच दिवशी बंद. विडी चालू ठेवली तर टीबीही हटत नाही आणि शेकाचा त्रासही वाढतो.

निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंदणी झालेल्या प्रत्येक क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा १००० रुपये थेट खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली. खाजगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी नोंदणी होते. काही अडलं तर १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे. कॅन्सरच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या तिथल्या माणसाला) आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि मंजुरी येईपर्यंत स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम भरायची घाई करू नका. शेक आणि केमोसाठी गोकुळ शिरगावचं कोल्हापूर कॅन्सर सेंटर आणि मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय ही जवळची ठिकाणं आहेत. कोणत्या उपचाराला कुठे योजना लागू आहे हे तिथल्याच आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या. मुंबईला रोज-रोज जाण्यापेक्षा दुसरं मत तिथलं आणि उपचार इथले, हे बहुतेक कुटुंबांना परवडतं आणि झेपतं.

खोकल्यातून एकदम वाटीभर रक्त आलं तर १०८ ला फोन करा. कोणत्या बाजूच्या फुफ्फुसात आजार आहे ते माहीत असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे चांगलं फुफ्फुस वर राहील आणि त्यात रक्त उतरणार नाही. उताणं झोपवू नका, पाणी पाजू नका.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तरी वेदना, धाप आणि खोकला यांवर उपचार आहेत. मॉर्फिन तोंडाने देता येतं आणि योग्य मात्रेत ते धापही कमी करतं. ते मागायला संकोच करू नका.

ऑपरेशन होऊन गाठ निघालेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सीटी लागतो. टीबीचा उपचार संपताना काढलेला फोटो आणि सीटी, सीडीसकट, घरी एका पिशवीत जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीला न्या. पुढे कधी नवा डाग दिसला तर तो जुन्या टीबीचा व्रण आहे की काही नवीन, हे ती जुनी सीडी शेजारी लावल्याशिवाय सांगता येत नाही.